गाण्याचा कंपाऊंडर

आऱ्याचा पट्टा भर दुपारी तुटला, आन् देवाजीच्या कानात असं मोकळं झालं की त्याले पह्यले भेवच वाटलं. चांद्याच्या जटपुरा दरवाज्याबाहेरची ती लाकडं कापायची आरामशीन सकाळपासून सांजेलोक अशी किंचाळे की तिथं राबणाऱ्या माणसाले बाकी दुनियेचा आवाज म्हंजे शेजारच्या घरचं जेवण. वास येते, पोटात काही पडत नाई. जोडीदार पोचू ओंडक्याच्या पलीकडून हात हालवत होता आन् चक्क ऐकू येत होतं. "घरी जाय बाप्पा, पट्टा आता उद्याच चढन." देवाजीनं अंगावरचा भुसा झटकला. घरी जाऊन करायचं काय? त्याची बायको रंभा श्रावणापासून दवाखान्यात पडून होती. चुलीपुढं बसल्या बसल्या तिले लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आन् बोलणं तं असं गेलं जसं कधी आलंच नव्हतं. डोळ्याले सगळं समजे, पण तोंडातून निघे ते फक्त "ब, ब". देवाजी रोज सांजेले भाताचा डबा घेऊन जाये, खाटेपाशी बसे, "जेवली का?" म्हणे, ती "ब" म्हणे, आन् तो उठून येये. आज काही हातात न घेता तसाच निघाला, भुशानं पांढरा झालेला, पिठाच्या गिरणीतून निघाल्यावानी.

बायकांच्या वार्डाच्या सपरीत, बाहेरच्या ओसरीवर, पाय ठेवला तं आतून कोणी बाई गाऊन राह्यली होती. देवाजी खांबाले टेकला. त्याले गाण्यातलं काही कळत नव्हतं, भजनात टाळ दिला तरी लोकं परत घेत. पण हा आवाज त्याच्या छातीत कुठंतरी नीट जाऊन बसला. जाडसर होता, जरा घोगरा, पावसात भिजलेल्या घोंगडीसारखा गरम. "पऱ्हा हिरवा गार बाई, बांधी भरली काठोकाठ, माहेराच्या धुऱ्यावरी कोण पाहे माही वाट." कोणाची बायको असंल, त्याले वाटलं. नशीबवान माणूस. आन् मंग त्यानं खिडकीच्या गजातून आत पाह्यलं, तं ती त्याचीच बायको होती.

तोंडाचा उजवा कोपरा खाली लोंबलेला, तोच. डोक्याखाली घरची गोधडी, तीच. आन् त्या वाकड्या तोंडातून शब्द येत होते, अख्खे, धुतलेल्या तांदळासारखे येगयेगळे. खाटेपाशी एक माणूस बसला होता. सडपातळ, मानेवर केस, डोळे असे मोठे की बाईले शोभावे. त्यानं रंभाचा डावा पंजा आपल्या तळहातावर घेतला होता आन् त्यावर बोटानं ठेका धरला होता. तो ओळ अर्धी सोडे, ती अर्धी उचले. देवाजी आत गेला तशी ती गप झाली. शब्दाच्या मधातच. कुडाच्या बुडी किडा किरकिरत असते आन् आपला पाय पडला की थांबते, तसं. तो माणूस मान वळवून हासला. "या भाऊ, बसा. बाई आता चांगल्या रंगात आल्या होत्या." देवाजीनं रंभाकडे पाह्यलं. "जेवली का?" त्याच्या तोंडून आपोआप निघालं. रंभानं डोळे खाली घातले आन् म्हणली, "ब."

दवाखान्यातून तो निघाला आन् कुठी जाऊन राह्यलो हे न पाहता चालत सुटला, तं झरपट नदीच्या काठावर पोचला. धोबी कपडे आपटत होते. एकेक आवाज आज कानात शिरत होता आन् त्याले कानच नकोसे झाले होते. "ब." त्या माणसासाठी पऱ्हा, बांधी, माहेर, धुरा, आन् आपल्यासाठी "ब". ज्यानं तिले उचलून दवाखान्यात आणलं, तिची लुगडी धुतली, रोज भाताचा डबा पोचवला, त्याले एक अक्षर, आन् तेही कच्चं. मंग त्याले तिचं ते किड्यावानी गप होणं आठवलं. आठवलं म्हणजे, ते कधी विसरलंच नव्हतं, फक्त त्याचा अर्थ आज लागत होता. लग्न होऊन रंभा मूल तालुक्याकडच्या गावातून आली तवापासून कितीदा असं झालं होतं की सांजेले तो गल्लीच्या तोंडाशी पोचे, कान आऱ्यानं बधिर, तरी घरातून काहीतरी बंद पडल्यासारखं वाटे. काय बंद पडलं ते कळे नाई. दाराशी पोचला की ती सुपात तांदूळ पाखडत असे, शांत. त्याले वाटे, आपली बाई गरीब हाय, तोंडात जीभ नाई, बरं हाय. पोचूची बायको रस्त्यापर्यंत ऐकू येये, तिच्यापेक्षा हे बरं. आन् आज समजलं की घरात त्याच्या माघारी एक दुसरीच बाई राहत होती, आन् ती त्याच्या पायाच्या आवाजासरशी चुलीमागं लपत होती. पोरगी कमळा, आता वरोऱ्याले सासरी हाय, तिनं ती बाई पाह्यली असंल. पाळण्यात ऐकली असंल. देवाजीले आपल्या पोटच्या पोरीचाही राग आला. शेजारच्या इंदुताईचा आला. घरच्या कोंबड्यायचा आला. सगळ्यायनं ऐकलं होतं, बिनपैशाचं, रोज.

दुसऱ्या दिवशी पट्टा चढला, पण देवाजीच्या हातात जीव नव्हता. जेवणाच्या सुटीत त्यानं पोचूले आडून आडून विचारलं, दवाखान्यात तो केसाळ कोण हाय म्हणून. पोचू भाताचा घास तसाच तोंडात ठेवून हासला. "बिरजू? अरे तो तं गाण्याचा कंपाऊंडर! मोठ्या डाक्टरनं ठेवला. कोणी औषध देते, कोणी सुई टोचते, हा गाणं पाजते. मूलकडच्या दंडारीत, नाचगाण्याच्या खेळात, राणी बनते गा तो! लुगडं नेसला की पाटलाची पाटलीण त्याच्याकडून पदर घ्यायचा शिकते." "राणी?" "मंग. बाई बनते. तुले कायची फिकीर? बायको बायकोपाशी बसली असं समज!" बाकीचे मजूर खो खो हासले. देवाजीही हासला. पण त्याच्या मनातली जी गाठ होती ती याच्यानं सुटली नाई, उलट पक्की झाली. माणूस असता तं त्याचा गळा धरता आला असता. बाई असती तं दुर्लक्ष करता आलं असतं. हा ना धड इकडचा, ना तिकडचा, याच्यावर राग धरायचा तरी कोणत्या हातानं? त्याले पेलतच नव्हतं. आन् खोलवर, जिथं माणूस स्वतःलेही जाऊ देत नाई तिथं, त्याले ठाऊक होतं की बिरजूनं रंभाचा हात धरला याचं दुःख नाईच. धरो बापडा. दुःख आवाजाचं होतं. हात काय, हात तं वैद्यही धरते.

डाक्टर गुणवंतराव उंच माणूस, बर्मेच्या लढाईत जाऊन आलेला, बोलताना समोरच्याच्या छातीकडे पाहे, जणू तिथं काही बिघाड दिसून राह्यला. देवाजी भेटायले गेला तं म्हणाले, "बसा. तुमच्या बाईची तब्येत झकास आहे. बोलणं बंद झालेले शिपाई मी तिकडं पाह्यले, देवाजी. पाणी मागता येत नव्हतं, पण रात्री पलटणीचं गाणं सुरू झालं की शब्दन् शब्द म्हणायचे. डोक्यात बोलणं एका बाजूले राह्यते, गाणं दुसऱ्या. एक बाजू जळली तं दुसरीकडून शब्द काढायचे. थोडे थोडे. आधी गाणं, मग गाण्यासारखं बोलणं, मग नुसतं बोलणं. हे औषधच आहे." देवाजी टोपी चुरगाळत बसला. "मंग ते औषध मी नाई देऊ शकत का?" "तुम्हाले गाता येते?" देवाजीनं मान हालवली, नाई. डाक्टर हासले नाईत, हे त्यायचं चांगलं. "तुम्ही तिच्यापाशी बसत जा, म्हणजे झालं." तेच तं होत नव्हतं. तो बसला की औषध बंद पडत होतं.

मंग देवाजी चोरासारखा जायला लागला. मालकाले पोटाचं कारण सांगून दुपारी निघे, सपरीच्या खांबाआड उभा राहे. आता त्याले बिरजूचा सगळा धंदा दिसला. शेजारच्या पुरुषांच्या वार्डात धानोऱ्याकडचा एक म्हातारा गोंड होता, कोलू नावाचा, अस्वलानं फाडलेला. जखमा भरल्या तरी तो खायले तोंड उघडत नव्हता, कोणी जवळ आलं की भिंतीकडे सरके. बिरजू त्याच्यापाशी गाणं म्हणतच नसे. नुसता पत्र्याच्या मगावर ठोके देत बसे, म्हाताऱ्याच्या श्वासाबरोबर. श्वास जोरात तं ठोके जोरात, मंग हळूहळू ठोके मंद करत नेई, आन् म्हाताऱ्याचा श्वासही त्याच्या मागं मागं खाली उतरे, बैल उतारावरून उतरते तसा. एक दिवस म्हाताऱ्यानं स्वतःच मग हिसकला आन् आपला ठेका दाखवला, "अहाट नाई, इहाट!" तसा नाई, असा, हे आपल्या गोंडी बोलीत खेकसून. बिरजू कान पकडून शिकला, आन् त्या सांजेले म्हाताऱ्यानं पेज प्याली. देवाजीनं हे खांबाआडून पाह्यलं. त्याले बिरजूले वाईट म्हणायचं होतं आन् तोंडात शब्द येत नव्हता. दुस्मन चांगला निघाला की माणसाची मोठी पंचाईत होते.

रंभापाशी मात्र तो गाये. रोवण्याची गाणी. पऱ्हे, म्हंजे भाताची रोपं, चिखलात लावताना बाया रांगेनं मागं मागं सरकत म्हणते ती. एका दुपारी त्यानं नवीन कडवं धरलं. "बोडीच्या पाण्यात चांदणं हाले," तो म्हणला. "चांदणं हाले," रंभानं उचललं. पुढची ओळ अशी होती की आधी नवऱ्याचं नाव आन् मंग "माह्या दारी आले". बिरजूनं नावाची जागा मोकळी ठेवली, बोटानं दोन ठेके दिले आन् थांबला. खांबाआडून देवाजी एक पाऊल खिडकीकडे सरकला. रंभाचे ओठ हालले. डावी भुवई वर गेली. "...माह्या दारी आले," ती म्हणली, नाव सोडून. परत. परत तेच. शेवटी बिरजू हळूच म्हणला, "देवाजी," सुरात, जणू तिच्या ओठावर ठेवून राह्यला, "म्हणा, देवाजी." आन् रंभा त्याच्या मागं पुटपुटली, "दे..." आन् देवाजीच्या टाचेखाली फरशीवरचा खडा करकरला. ती थांबली. खिडकीकडे तिची नजर गेली आन् तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते देवाजीनं पाह्यलं. भेव होतं ते. आपल्याले पाहून आपल्या बायकोले भेव! आन् आपलं नाव, आईबापानं ठेवलेलं, त्या राणीच्या तोंडातून आपल्या बायकोच्या तोंडात, उष्ट्या घासासारखं.

त्यानं त्याच आठवड्यात तिले घरी आणलं. डाक्टर रागावले. "अर्ध्यात सोडून राह्यले तुम्ही." "घरी शेकतो, तेल लावतो, साहेब." बिरजू बैलगाडीपर्यंत आला, त्यानं रंभाचं पांघरूण नीट केलं. गाडी निघाली तवा रंभा त्याच्याकडे पाहत नव्हती, ती बैलाच्या शेपटीकडे पाहत होती, हे देवाजीनं ध्यानात ठेवलं, जपून, जसा माणूस फाटक्या खिशात पैसा जपते.

घरी देवाजीनं खरंच सेवा केली. लोकं म्हणत, बाईनं पुण्य केलं म्हणून असा नवरा. तो तिले पाठीशी उशी देऊन बसवे, भात मऊ कालवे, घास घाले. आन् मंग एक दिवस, दार लावून घेऊन, त्यानं स्वतः गायलं. "बोडीच्या पाण्यात." पुढं काय ते आठवत होतं पण आवाज कुठून काढायचा ते समजत नव्हतं, जे निघालं ते ओल्या सागात पातं अडकावं तसं निघालं. बाहेर कोंबड्या पळाल्या. रंभाच्या तोंडाचा चांगला कोपरा वर गेला, डोळ्यात पाणी आलं, आन् ती हासून राह्यली का रडून, हे त्याले शेवटपर्यंत कळलं नाई. त्यानं तिच्या तळहातावर ठेका धरला. तिनं हळूच हात काढून घेतला आन् त्याच्या ओठावर ठेवला. गप राहा, असं. देवाजीनं मान खाली घातली. मी तिले सोसत नाई, तो मनात म्हणला. माह्या आवाजानं तिले त्रास होते. एवढे दिवस मी आऱ्याले शिव्या दिल्या, आराच तं माह्या गळ्यात बसला हाय.

दसरा गेला. रंभाचं दवाखान्यातलं आलेलं बोलणंही आटत चाललं. तिथं म्हणे ती "पाणी" सुरात मागायले लागली होती. आता परत फक्त "ब". डावा हातही ती कमी हालवे. कधी कधी ती भिंतीकडे तोंड करून पडून राहे, तासन् तास, आन् देवाजीले तो अस्वलानं फाडलेला म्हातारा आठवे. हे मी केलं, हे त्याले कळत होतं. कळूनही मन वळत नव्हतं. कधी कधी तं त्याले वाटे, बोलली नाई तरी चालंल, कोणापाशीच नाई बोलली म्हंजे झालं. असा विचार आला की तो उठून अंगणात जाये आन् उगाच लाकडं फोडत बसे. मंग दिवाळीच्या तोंडावर शेजारची इंदुताई, जाड भिंगाचा चष्मा लावणारी, बोलण्यात कुणाची भीडभाड न ठेवणारी विधवा बाई, कुडावरून डोकावली. "देवाजीभाऊ, तुमी कामावर गेल्यावर रंभाबाई आज जराशी गुणगुणली वो. दुपारी. मी पापड वाळत घालत होती, चांगलं आयकलं." देवाजीचा हात कुऱ्हाडीवर तसाच राह्यला. दुसऱ्या दिवशी तो अर्ध्या कामावरून पळत घरी आला. गल्लीच्या तोंडाशी चपला काढल्या, अनवाणी, मांजरासारखा. दाराशी पोचायच्या आधीच घरात काहीतरी बंद पडलं. त्या दिवशी त्याले पह्यल्यांदा वाटलं की आपण आपल्याच घरात चोर हाओत, आन् चोरी करायची ती वस्तू आपलीच हाय.

दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया, दंडारीच्या जत्रा, लागल्या. दवाखान्यात विचारलं तं कळलं, बिरजू सुटी घेऊन मूलकडच्या एका गावच्या मंडईत दंडारीले गेला. देवाजी ट्रकवर बसून, मंग पायी, सकाळी सकाळी त्या गावी पोचला. दंडार संपली होती, लोकं झोपले होते, पालापाचोळ्यात फुटाण्याचे कागद उडत होते. बिरजू बोडीच्या, गावच्या लहान तळ्याच्या, काठावर बसून तोंड धूत होता. लुगडं अंगावरच होतं, पदर कमरेले खोचलेला. एका गालावरची हळद गेली होती, दुसऱ्यावर होती. एका डोळ्यात काजळ, दुसरा माणसाचा. त्यानं वर पाह्यलं. "भाऊ! बाई कशा हायेत?" देवाजी यायले निघाला तवा त्यानं तोंडात काय काय भांडण भरून आणलं होतं. ते सगळं त्या अर्ध्या धुतलेल्या तोंडापुढं घरंगळून गेलं. तो बाजूच्या दगडावर बसला. "मले पाहून काऊन गप होते रे ती? तुह्यापाशी गाते. माह्यापाशी नाई. मी काय केलं तिले?" बिरजूनं एकदम कपाळावर हात मारला, बाईसारखा. "तुमाले ठाऊक नाई? अवो भाऊ, तुमी चांद्याचे! तुमच्याकडं नाई वाटते. माहंच चुकलं, मले वाटलं तुमाले ठाऊक असंल."

मंग त्यानं सांगतलं, तोंड धुणं विसरून. मूलकडच्या ह्या चार गावात बाया रोवण्यात नाव घेते. लग्नातलं नाव येगळं, ते घोकलेलं, ते हजार लोकात घेते. रोवण्यातलं येगळं. वाकून वाकून पाठ मोडली, पाय चिखलात सडले, की रांगेतली एकेक बाई आपल्या नवऱ्याचं नाव कडव्यात गुंफते, मनातलं, तिथंच जुळवलेलं. ते बाकीच्या बायायनं आयकलं तं चालते. नवऱ्याच्या कानावर नाई पडलं पायजे, कोणाच्याच तोंडून. पडलं तं त्याचं आयुष्य सरते, असं मानते. म्हणून कोणाचा नवरा धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, दिसला की अख्खी रांग गप. "गाणंच बंद करते, कारण कोणत्या ओळीत नाव निघून जाईन काय सांगता. लहानपणापासून अशीच सवय लागते. मग घरात असो का भाताच्या बांधीत." "आन् तू?" देवाजी म्हणला. "तुह्यापुढं कशी गाते?" बिरजूनं पदराकडे पाह्यलं आन् हासला, त्यात जरासं काहीतरी दुखणारं होतं. "मी पोट्टा होतो तवापासून बायायच्या रांगेत रोवत आलो. दंडारीत बाई बनाचं म्हणून माय घेऊन जाये, शिक म्हणे. माह्यापुढं बाया पदरही सावरत नाई. मी गाणं आयकतो, नाव आयकतो, सगळं आयकतो. माहं नाव मात्र कोणी घेत नाई गा, भाऊ. बायको नाई माह्या घरी. लुगडं नेसणाऱ्याले कोण पोरगी देते?"

बोडीत एक बगळा उतरला. देवाजीले वाटलं होतं की हे कळल्यावर छातीवरचा ओंडका उतरंल. उतरला नाई, फक्त फिरला, दुसऱ्या बाजूनं टोचायला लागला. खिडकीतून दिसलं ते भेव, ते त्याचं नव्हतं, त्याच्यासाठी होतं. अर्धं अंग मेलेली बाई, पाणी मागायले शब्द नाई, आन् ती त्याचं आयुष्य राखत बसली होती. ओठावर ठेवलेला हात. आन् तो? तो तिच्या तोंडातलं औषध काढून घेऊन बसला होता. म्हंजे तिचा आवाज पायजे असंल तं आपण तिथं नसाले पायजे. आन् आपण असाले पायजे असंल तं आवाज नाई. असा कोणता व्यवहार हाय, देवा? आन् बिरजूचा हेवा तं जागचा हालला नव्हता. उलट आता तो ह्या लुगड्यावाल्याच्या रिकाम्या घराचाही हेवा करत होता, ज्याच्यापुढं सगळ्या बाया सगळं गातात.

"मी तिले सांगून देतो ना," देवाजी म्हणला, "का माह्या आयुष्याले काही होत नाई. खुळचट हाय सगळं." "सांगा," बिरजू म्हणला. "आयकंल का?" देवाजीले त्या ओठावरच्या हाताचं वजन आठवलं. "नाई आयकणार," तो म्हणला. बिरजूनं दुसरा गाल धुतला, दुसरा डोळा धुतला, लुगडं सोडून धोतर नेसलं, आन् पाहता पाहता साधा माणूस झाला, हडकुळा, थकलेला. देवाजी उठला. "सुटी कवा संपते तुही?" "चार-पाच दिवस हाय." "चाल मंग माह्या घरी. भात खा, तिथंच राहा. रोज दुपारी. मी घरी नसतो."

बिरजू आला. चांद्यात शिरताना पोचू भेटला, सायकल थांबवून म्हणला, "का गा, ऐकलं का? आपला चांदा आता मध्य प्रदेशातून मुंबईच्या राज्यात गेला," आन् बिरजूकडे पाहून डोळा मारला, "राणीसाहेब घरी चालल्या वाटते?" "औषध हाय ते," देवाजी म्हणला, "तोंड सांभाळ." घरात रंभानं बिरजूले पाह्यलं तं डावा हात उचलला. दसऱ्यापासून पह्यल्यांदा तो हात देवाजीनं न सांगता उचलला गेला. देवाजीनं बिरजूले आपल्या पाटावर बसवलं, जेवायले आपलं ताट दिलं, पाण्याचा लोटा जवळ ठेवला. हे करताना त्याचे दात एकमेकांवर होते. मंग दारातून वाकून रंभाले म्हणला, मोठ्यानं, गल्लीले ऐकू जाईल असं, "मी चाललो. सांजेलोक येत नाई. आऱ्यावर लय काम हाय." तिनं मान हालवली. तिच्या डोळ्यात काय होतं ते त्यानं पाह्यलं नाई, पाह्यलं असतं तं पाय उचलला नसता.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी, आऱ्यावर ओंडका अर्धा कापून झाला होता, तवा इंदुताई आली. धापा टाकत, चष्मा कपाळावर. हातवारे करून राह्यली होती, ऐकू तं काही येत नव्हतं. देवाजीले वाटलं, रंभा गेली. त्यानं पोचूले हात दाखवला, पोचूनं मशीन थांबवली. किंचाळणं हळूहळू उतरत गेलं आन् सगळ्या आवारात भुसा तेवढा तरंगत राह्यला. मजूर, मुनीम, गाडीवाले सगळे पाहायले लागले. "घेतलं वो!" इंदुताई ओरडली. "घेतलं रंभाबाईनं! देवाजीभाऊ, तुमचं नाव! बिरजूनं नाई सांगतलं, काही नाई, आपल्याच मनानं जुळवलं. कडवं नवं हाय, आमी कोणी आजवर आयकलं नाई असं. अख्खी गल्ली दारात उभी होती. किराणावाला दुकान सोडून आला!" पोचूनं देवाजीच्या पाठीत थाप मारली. "घ्या! सांग बाई, सांग, काय म्हणली वहिनी? आमाले तं आयकू दे." इंदुताईनं पदर सावरला, घसा खाकरला. बायायची गाणी बायाच नीट सांगतात, आन् तिले सांगायची घाई होती. "आयका मंग—"

"नाई," देवाजी म्हणला.

"अवो, लय गोड हाय भाऊ. तुमच्या मिशीवरही—"

"नाई म्हणलं ना बाई. तुमच्या तोंडून नको."

पोचूचा हात त्याच्या पाठीवरून खाली आला. देवाजीले दिसत होतं की ते कडवं इंदुताईच्या ओठावर आलेलं हाय, अख्खं, गरम. किराणावाल्यापाशी हाय. त्या राणीपाशी हाय. गल्लीतल्या पोट्ट्यांपाशी हाय, सांजेलोक ते खेळताना म्हणतील. सगळ्या चांद्यात एकट्या त्याच्यापाशी ते नव्हतं, आन् मरेपर्यंत नसणार होतं. उद्या गल्लीत कोणी गुणगुणलं तं त्याले कान झाकून पुढं जावं लागंल. त्याले वाटलं इथंच बसावं खाली, भुशात. "एवढं सांगा," तो शेवटी म्हणला, "म्हणताना हासली का ती?"

"हासली," इंदुताई म्हणली. आता तिचाही आवाज खाली आला होता. "अर्ध्याच तोंडानं. पण हासली."

देवाजीनं मान हालवली. गमछ्यानं तोंड पुसलं, एकदा, मंग परत एकदा. "जा मंग ताई, तिच्यापाशी बसा. बिरजूले चहा करून द्या. तिले म्हणा, मालकानं थांबवून घेतलं, मी आज उशिरानं येतो." आन् पोचूकडे न पाहताच म्हणला, "उभा काऊन राह्यला बे? घाल दुसरा ओंडका."